तिसरी डिस्क टाकली, तरी स्लॉट ५ चा दिवा पिवळाच

आमच्या आठ डिस्कच्या सर्व्हरवर स्लॉट ५ चा दिवा पिवळा झाला. कंट्रोलर (सगळ्या डिस्क सांभाळणारं कार्ड) म्हणाला, डिस्क फेल. डिस्क काढली, नवी सरकवली, रात्रभर रीबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं) चालला, सकाळी सगळं हिरवं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तोच स्लॉट, तोच पिवळा. पुन्हा नवी डिस्क, पुन्हा रीबिल्ड. तिसऱ्या खेपेला मात्र नवी डिस्क उघडता उघडता हात थांबला. एकाच स्लॉटमध्ये महिन्याभरात तीन डिस्क मरतात आणि शेजारच्या सात जणींना तीन वर्षांत साधी शिंकसुद्धा येत नाही, हे काही गणितात बसेना.

पहिल्या दोन वेळा मी केलं ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दिवा कॅडीवर, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीवर, दिसतो, म्हणून दुखणं डिस्कचं, असं आपण धरून चालतो. पण बऱ्याच मशीनमध्ये तो दिवा कॅडीत नसतोच. तो मागे बॅकप्लेनवर (डिस्क ज्यात घुसतात त्या सर्किट बोर्डवर) असतो आणि कॅडीच्या कडेची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी त्याचा उजेड पुढे आणून दाखवते. डिस्कपासून कंट्रोलरपर्यंत जायचं तर आधी बॅकप्लेनचं सॉकेट, मग बॅकप्लेनच्या पाठीवरचा कनेक्टर, मग केबल, मग कंट्रोलरकडचा कनेक्टर. यातला कुठलाही सांधा कुरकुरला तरी पुढे पेटतो तो एकच दिवा.

दिवा पेटवतं कोण

हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मा घोळ संपतो. स्लॉटला बहुधा दोन दिवे असतात. वाचन-लेखन चालू असताना लुकलुकणारा हिरवा दिवा बहुतेक बॅकप्लेनवर थेट डिस्कच्या इशाऱ्यावर चालतो. सॅस आणि साटा (डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती) डिस्कच्या पॉवर कनेक्टरमधली ११ नंबरची पिन त्याच कामाची. पिवळा किंवा लाल दिवा मात्र डिस्क पेटवत नाही. त्याचा हुकूम कंट्रोलरकडून येतो, बहुतेक वेळा डेटाच्याच केबलमधल्या एसजीपीआयओ नावाच्या वेगळ्या तारांवरून. म्हणजे हिरवा दिवा डिस्क स्वतः बोलते तो, आणि पिवळा म्हणजे डिस्कबद्दल कंट्रोलरचं मत. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही एवढंच कंट्रोलरला कळतं. उत्तर दिलंच नाही की वाटेत गळालं, हे त्याला दिसत नाही.

आता लुकलुकण्याची भाषा. यासाठी आयबीपीआय नावाचं मानक आहे, एसएफएफ-८४८९. त्यानुसार सेकंदाला ४ वेळा लुकलुकणं म्हणजे ‘मी इथे आहे’, सेकंदाला एकदा म्हणजे रीबिल्ड चालू, आणि न लुकलुकता अखंड पेटलेला म्हणजे फेल. इथपर्यंत छान. पण डेलच्या पॉवरएज मशीनवर पिवळा दिवा सेकंदाला ४ वेळा लुकलुकला की अर्थ होतो डिस्क फेल! आणि ‘मी इथे आहे’ सांगण्यासाठी तिथे हिरवा दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकतो. एचपीईच्या प्रोलायंटवर अखंड पिवळा म्हणजे फेल, आणि लुकलुकणारा पिवळा म्हणजे अजून चालू आहे पण भविष्य बरं दिसत नाही. एकाच खोलीत तीन कंपन्यांची मशीन असतील तर एकाची सवय दुसऱ्यावर लावू नका. एका ठिकाणी ‘ही काढा’ असा इशारा असतो, तो दुसऱ्या ठिकाणी ‘मला हात लावू नका, फक्त ओळखा’ असा असतो.

माझी एक साधी सवय सांगतो. दिव्यासमोर गेल्यावर आधी फोनवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घेतो. रॅकसमोर पंख्यांच्या आवाजात उभं राहून सेकंदाला दोन की चार हे मोजता येत नाही. जागेवर येऊन सावकाश पाहिलं की येतं. डेलवर हिरवा, पिवळा, मग बंद असा क्रम येतो तो ‘फेल होण्याची शक्यता’ सांगतो, आणि तीन सेकंद हिरवा, तीन सेकंद पिवळा, सहा सेकंद बंद असा लांबलचक क्रम आला तर रीबिल्ड मध्येच थांबलेला असतो. घाईत पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात.

प्रोलायंटच्या नव्या कॅडीवर अखंड पांढरा दिवाही असतो. तो पेटलेला असताना डिस्क काढायची नाही. काढली तर अख्खा लॉजिकल ड्राइव्ह, म्हणजे अनेक डिस्क मिळून बनलेला एकच ड्राइव्ह, जातो. या एका दिव्याबद्दल मी कंपनीला मनापासून धन्यवाद देतो.

डिस्क बिघडली की वाट बिघडली

अशा वेळी पाठ्यपुस्तकी उत्तर असतं: शेजारच्या डिस्कशी अदलाबदल करा आणि दोष डिस्कबरोबर जातो की स्लॉटपाशी राहतो ते पाहा. उत्तर बरोबर आहे, पण चालू रेडवर (अनेक डिस्कवर डेटा विभागून ठेवण्याची पद्धत) ते आत्मघातकी ठरू शकतं. एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रेड ५ मधली एक डिस्क आधीच बाहेर पडलेली असताना तुम्ही प्रयोगासाठी दुसरी उपटली तर प्रयोग यशस्वी आणि डेटा गायब. म्हणून प्रयोग करायचा तो बाहेर पडलेल्या डिस्कवरच. ती दुसऱ्या मशीनला लावा आणि तपासा. त्याच मशीनच्या रिकाम्या स्लॉटमध्ये लावलीत तर कंट्रोलर तिला ‘फॉरेन’ (परकी) म्हणेल आणि इम्पोर्ट करू का विचारेल. नको म्हणा.

मी पहिल्या दोन ‘मेलेल्या’ डिस्क चाचणीच्या मशीनला लावल्या आणि डिस्कच्या तब्येतीचे आकडे दाखवणारं स्मार्टसीटीएल चालवलं. बघायचे आकडे मोजकेच. ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे बदलाच्या रांगेत असलेले. दोन्ही डिस्कवर दोन्ही शून्य. आणि १९९ नंबर, सीआरसी चुका: एकीवर ४१२, दुसरीवर २६७. इथे चोर सापडला. सीआरसी चूक म्हणजे डिस्कच्या तबकडीवरचा दोष नव्हे. डेटा निघाला एक आणि पोचला भलताच. तबकडी खराब असेल तर ५ आणि १९७ वाढतात. वाट खराब असेल तर १९९.

एक खाचखळगा आहे. १९९ चा आकडा कधीच मागे येत नाही. केबल दुरुस्त केली, तरी ४१२ चे ४१२ च राहतात. तेव्हा आकडा मोठा आहे की लहान हे बघून काही कळत नाही, तो वाढतोय का ते बघायचं. दुरुस्तीच्या दिवशीचा आकडा आणि तारीख मी कागदी टेपवर लिहून कॅडीच्या कडेला चिकटवतो. वेगळी वही ठेवून पाहिली, ती नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

सॅस डिस्क असतील तर १९९ मिळणार नाही. साधं एचबीए कार्ड (रेड न करता डिस्क नुसत्या जोडणारं) असेल तर लिनक्समध्ये सिस्फस या फोल्डरखाली प्रत्येक फायचे (सॅसच्या एकेका जोडणीचे) वेगळे आकडे असतात: चुकीचे डीवर्ड (डेटाचे तुकडे) किती आले, सिंक किती वेळा तुटला, डिस्पॅरिटीच्या चुका किती. एकाच फायचे आकडे चढत असतील तर एकाच लेनचा (केबलमधल्या एका वाटेचा) प्रश्न. ओळीने चार फाय चढत असतील तर अख्खी केबल. आणि रेड कंट्रोलरमागच्या डिस्क स्मार्टसीटीएलला आपोआप दिसत नाहीत; कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक त्याला वेगळा सांगावा लागतो.

झाकण उघडल्यावर

आमच्या मशीनला आठ स्लॉट, एक्सपांडर (एका केबलवर जास्त डिस्क जोडणारी चिप) नाही, कंट्रोलरपासून बॅकप्लेनपर्यंत दोन केबल. दोन्ही टोकांना एसएफएफ-८६४३, म्हणजे मिनी सॅस एचडी. एका केबलमध्ये चार लेन, म्हणून पहिली केबल स्लॉट ० ते ३, दुसरी ४ ते ७. जुन्या मशीनमध्ये हीच जागा एसएफएफ-८०८७ ची असते. तिच्याही चार लेन, पण कनेक्टर रुंद आणि चपटा. एक दुसऱ्यात जात नाही.

रीतसर वेळ मागून घेतली, मशीन बंद केलं, दोन्ही पॉवर कॉर्ड काढल्या आणि झाकण उचललं. दुसरी केबल पंख्यांच्या पिंजऱ्याच्या कडेवरून जवळजवळ काटकोनात दुमडून बॅकप्लेनकडे उतरत होती. कुणीतरी कधीतरी हवेचं प्लॅस्टिकचं आवरण काढून परत बसवताना तिला खाली दाबलं होतं. त्या आवरणाच्या कडेचा वळ केबलवर स्पष्ट उमटला होता. बॅकप्लेनकडच्या कनेक्टरला बोट लावलं. लॅच (अडकवणारी कळ) न दाबता तो सरळ हातात आला. नीट बसलेला एसएफएफ-८६४३ असा येत नाही. लॅच सुटल्याशिवाय तो केसभर हलत नाही. एका बाजूने मिलिमीटरभर वर उचललेला असणार, तेवढ्यावर सात-आठ महिने रडतखडत चालला.

मग फक्त स्लॉट ५ च का, ४, ६ आणि ७ का नाही? त्यांच्याही डिस्क मग तपासल्या. १९९ वर स्लॉट ४ ला १९, स्लॉट ६ ला ८, स्लॉट ७ ला शून्य. म्हणजे आजार सगळ्या केबलला होता, फक्त तापाचा आकडा एकीचाच हद्दीपलीकडे गेला. चूक झाली की डेटा पुन्हा मागितला जातो, त्यामुळे वरवर सगळं चालतं. रीबिल्ड पार पडतो, म्हणून केबलवर संशयच जात नाही. पुन्हा पुन्हा मागूनही वेळेत मिळालं नाही की कंट्रोलर डिस्कला बाहेर काढतो. आमच्याकडे हे तिन्ही वेळा आठवड्याच्या पॅट्रोल रीडच्या (कंट्रोलर सगळ्या डिस्क वाचून तपासतो त्या) रात्री घडलं होतं, हे नंतर लॉग पाहताना लक्षात आलं. आधी पाहिला असता तर दोन डिस्क वाचल्या असत्या. असो.

केबल नुसती दाबून बसवली नाही, बदलली. एकदा काटकोनात दुमडलेल्या केबलवर माझा विश्वास बसत नाही. नवी बसवताना ‘खट्’ असा आवाज ऐका, आणि मग लॅच न दाबता हलकेच ओढून बघा. ओढून बघणं महत्त्वाचं, कारण पंख्यांच्या शेजारी तो आवाज पुष्कळदा मनातच ऐकू येतो.

इथेच आणखी एक सापळा असतो. दोन्ही केबलची अदलाबदल झाली तरी मशीन मजेत चालतं, कारण रेडची माहिती डिस्कवरच असते. पण एसजीपीआयओच्या ताराही त्याच केबलमधून जातात. मग कंट्रोलर ज्याला स्लॉट १ म्हणतो त्याचा दिवा पेटतो स्लॉट ५ वर, आणि कॅडीवर छापलेल्या आकड्यावर विसंबून माणूस चांगली डिस्क उपटतो. केबलला हात लावला असेल तर काम संपवण्याआधी प्रत्येक डिस्कला ‘ओळख’ द्यायला लावा. लिनक्सवर लेडसीटीएल हेच करतं. आणि दिव्यापेक्षा सीरियल नंबरवर जास्त विश्वास ठेवा.

पॉवर सप्लायचा दिवा

दोन पॉवर सप्लायपैकी एकाचा दिवा अधूनमधून पिवळा होतो आणि आपोआप हिरवा होतो, ही तक्रारही अशीच. इथेही लोक आधी सप्लाय बदलतात. आधी कॉर्ड बघा. साधारण सर्व्हरच्या मागे सी१४ इनलेट असतं आणि त्यात सी१३ कॉर्ड जाते, १० अँपिअरची. मोठ्या मशीनला, विशेषतः जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) असलेल्यांना, सी२० इनलेट आणि सी१९ कॉर्ड, १६ अँपिअर. सी१३ ला धरून ठेवणारी कडी नसते, ती निव्वळ घट्टपणावर टिकते. सर्व्हर रेलवर पुढे ओढला की मागची केबल आर्म कॉर्डला दोन-तीन मिलिमीटर खेचते. डोळ्यांना ती बसलेलीच दिसते. दोन्ही सप्लायच्या कॉर्ड आपसात बदला, अर्थात एका वेळी एक: पिवळा दिवा दुसऱ्या सप्लायवर गेला तर दोष कॉर्डचा किंवा मागच्या पीडीयूचा (रॅकमधल्या वीजपट्टीचा). सप्लायला मग हात लावायची गरजच नाही.

नवा सप्लाय सरकवताच डेलवर हिरवा दिवा पाच वेळा भराभर लुकलुकून विझला तर तो खराब नाही. जोडीदाराशी जुळत नाही, एवढंच. वॉट बघा. आणि पॉवर बटणाच्या दिव्याबद्दल: प्रोलायंटवर अखंड पिवळा म्हणजे स्टँडबाय, आजार नव्हे. मशीन बंद असलं तरी बीएमसी (मशीनवर नजर ठेवणारी छोटी वेगळी चिप) जागा असतो, म्हणून कॉर्ड काढेपर्यंत आत वीज आहेच हे धरून चाला.

आठ पिनांचा कनेक्टर हा मात्र खरा धोका. सीपीयूसाठीच्या ईपीएस कनेक्टरमध्ये चार पिना १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या. जीपीयूच्या पीसीआय एक्सप्रेस कनेक्टरमध्ये तीन १२ व्होल्टच्या आणि पाच ग्राउंडकडच्या, आणि बाजूही उलट. खाचांचे आकार वेगळे असतात, पण जोर लावणारा माणूस खाचेला भीक घालत नाही. असं बसवलं की १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतं आणि बटण दाबताक्षणी पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून पिवळा दिवा दाखवतो, तेही नशीब बरं असेल तर. त्यात भर म्हणजे टेस्ला पी४० सारख्या सर्व्हर कार्डांना ईपीएसच्याच पद्धतीचा कनेक्टर लागतो. कार्ड जीपीयू आहे म्हणून जीपीयूचीच केबल, हा तर्क तिथे फसतो. नवी जीपीयू बसवल्यावर मशीन चालूच होत नसेल तर दुसरं काही बघण्याआधी ही केबल सोडवा.

बाकीचे दिवे, पटापट

नेटवर्क पोर्टवर लिंकचा दिवा आहे, पण त्याचा रंग रोजचा नाही, आणि वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट: तांब्याच्या केबलच्या चार जोड्यांपैकी एक तुटली. १०० ला १, २, ३, ६ एवढ्याच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. केबल बदला, स्विचशी भांडू नका. फायबरवर लिंकच येत नसेल तर एलसी कनेक्टरच्या दोन टोकांची अदलाबदल करून बघा. एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडलेलं असायला हवं. पोर्टात घालायच्या मॉड्यूलांत एसएफपी प्लस १० गिगाबिटचं आणि एसएफपी२८ हे २५ चं, दिसायला जुळी भावंडं, लेबल वाचा.

मेमरीची पट्टी काढून घालताना सोनेरी कडेवर खोडरबर घासू नका, प्लीज. हा सल्ला अजून फिरतो. रबराने मुलामा झिजतो आणि त्याचा चुरा सॉकेटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड पुरेसं आहे.

पुढच्या पॅनेलचा दिवा दुरुस्तीनंतरही पिवळाच राहिला तर घाबरू नका. झाकण नीट बसलं नसेल तर आतला इंट्रूजन स्विच तक्रार करतो. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. तेही नसेल तर आयपीएमआयटूल या कमांडने बीएमसीचा इव्हेंट लॉग वाचा, फाइलमध्ये जपून ठेवा, मग पुसा. नोंदीत तारखेऐवजी ‘प्री-इनिट’ दिसलं तर त्या क्षणी बीएमसीला घड्याळच माहीत नव्हतं. त्यातले वेळेचे आकडे धरून निष्कर्ष काढू नका. सुपरमायक्रोवर पॅनेलचा लाल दिवा अखंड असेल तर मशीन तापलंय, सेकंदाला एकदा लुकलुकला तर पंखा गेला, आणि चार सेकंदांतून एकदा लुकलुकला तर पॉवर सप्लाय. हा शेवटचा ओळखायला समोर दहा सेकंद स्थिर उभं राहावं लागतं. आणि रॅकमधलं नेमकं मशीन ओळखायला निळा दिवा लांबून पेटवणार असाल तर आयपीएमआयटूलला वेळ सांगा. न सांगितल्यास तो १५ सेकंदांतच विझतो, तोवर तुम्ही दारापर्यंतही पोचलेले नसता.

स्लॉट ५ च्या टेपवर केबल बदलल्याच्या दिवशीचा आकडा आहे ३८. आज नऊ आठवड्यांनी तो ३८ च आहे. आधीच्या दोन ‘मेलेल्या’ डिस्क चाचणीच्या मशीनमध्ये काम करतायत. तुमच्याकडे नवी केबल घालूनही आकडा चढत राहिला तर ती केबल कंट्रोलरच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा, म्हणजे पोर्टचा दोष कळेल. तरीही त्याच स्लॉटवर चढला तर बॅकप्लेनचं सॉकेट टॉर्च मारून बघा. वाकलेली पत्ती किंवा अडकलेला प्लॅस्टिकचा तुकडा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. काहीच दिसलं नाही तर बॅकप्लेन मागवा. डिस्क मात्र मागवू नका.